कणकुंबीच्या रानात नखाएवढ्या अळंबीच्या मागावर चार दिवस

शुक्रवार

गेल्या वर्षी आषाढात मित्राच्या मामाकडं कणकुंबीला गेलेलो तेव्हा घरामागच्या जांभळाखाली, भिजलेल्या पाल्यात एक लालसर गुलाबी अळंबी दिसली होती. करंगळीच्या नखाएवढी टोपी आणि दांडा तर केसासारखा. बस चुकेल म्हणून घाईत वरून एक फोटो काढला आणि निघालो, आणि मग वर्षभर तो फोटो बघत बसलो कारण त्यावरून काही म्हणजे काही ठरवता येईना. फोनमधल्या ऍपला दाखवला तर ते एकदा मायसीना (नाजूक, पातळ टोपीच्या अळंब्यांचा एक वंश) म्हणालं, तोच फोटो जरा कापून दिला तर दुसरंच नाव आलं. ऍपचं तरी काय चुकलं म्हणा, मी त्याला फक्त टोपीचा वरचा भाग दाखवला होता. अळंबी ओळखायची तर खालून बघावी लागते, हाताला कशी लागते ते बघावं लागतं, ती कशावर उगवलीय ते बघावं लागतं, आणि मी यातलं एकही केलं नव्हतं. ते वर्षभर मनाला लागून राहिलं.

म्हणून यंदा शनिवार-सोमवार सुट्टी टाकली आणि तयारीनं निघालो. दहापट मोठं दाखवणारं भिंग, चिमटा, छोटी पट्टी, कागदाची पाकिटं (प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजते आणि तासाभरात सडते, त्यामुळं कागदच), एक झाकणाचा स्टीलचा डबा, आणि अर्धा काळा अर्धा पांढरा असा चिकटवलेला कागद.

उद्यमबागेतून सुटल्यावर मित्रासोबत संध्याकाळची बस धरली. पिरनवाडी, किणये, मग कुसमळीचा पूल, पुलाखाली मलप्रभा लालभडक होऊन चाललेली. जांबोटी सोडली की हवाच बदलते, खिडकीची काच लावली तरी आत गार वाफ येते आणि दोन्ही बाजूंनी झाडी रस्त्यावर झुकते. याच भागाला लागून भीमगड अभयारण्य आहे, 2011 साली जाहीर झालं, क्षेत्र 190 चौरस किलोमीटरच्या आसपास. कंडक्टर कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलत होता, मांडीवरची भिंगाची डबी बघून काय ते विचारलं, सांगितलं तर म्हणाला "अणबे? खायला का बघायला?" बघायला म्हटल्यावर त्याला जरा नवल वाटलं पण मग स्वतःच्या गावाकडच्या अळंबीबद्दल उतरेपर्यंत बोलत होता.

बेळगावपासून हे जवळपास 50 किलोमीटर. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, समुद्रसपाटीपासून सुमारे 792 मीटरवर, इथून ती पूर्वेला जाऊन कुडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि याच गावाच्या दुसऱ्या अंगाचं पाणी कळसा नाल्यातून म्हादईला आणि मग गोव्याच्या समुद्राला जातं. एकाच छपराच्या दोन पागोळ्या. रात्री हुलग्याची आमटी आणि तांदळाची भाकरी, बाहेर कौलांवर पाऊस धो धो, कधी झोप लागली कळलंच नाही.

शनिवार

उठल्या उठल्या घरामागं गेलो. जांभळाखाली काहीच नाही! नुसता काळा पाला आणि जळवा. मामा रोप लावणीच्या गडबडीत होते, चिखलानं माखलेले हात धूत म्हणाले, "अरे तिथं यंदा शेणकई टाकलीय, तिथं कशाला येईल ती. वरच्या रानात चल." ते रान मामांच्या मालकीचं, अभयारण्याच्या हद्दीबाहेर. हे मुद्दाम लिहितोय कारण अभयारण्यातून अळंबी, पान, काहीही उचलायचं नसतं, तिथं फक्त फोटो काढायचा. वाटेत एक फॉरेस्ट गार्ड भेटले, कुठं, कशाला, सगळं विचारून घेतलं, पाकिटं बघितली आणि हद्दीचा दगड कुठं आहे ते दाखवून मग सोडलं. बरं वाटलं मला.

रान म्हणजे अंजनी, किंजळ, हिरडा, जांभूळ, मध्ये मध्ये कारवी, खाली पाला इतका की पाय घोट्यापर्यंत आत जातो. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावलेलं तरी तीन जळवा चढल्याच. इथं चालत चालत शोधून उपयोग नाही हे मला आता कळलंय, एका जागी उकिडवं बसायचं आणि डोळे त्या उंचीला सरावू द्यायचे. पहिली पाच मिनिटं नुसता पाला दिसतो आणि मग अचानक सगळीकडं काहीतरी दिसायला लागतं.

पहिल्यांदा एका कुजक्या ओंडक्यावर शेकड्यांनी पांढुरक्या राखाडी टोप्या दिसल्या, कोप्रिनेलस डिसेमिनेटस. ही ओळखायला सोपी आहे, अशी दाटीवाटीनं उगवणारी दुसरी पटकन सापडत नाही. त्याच ओंडक्याच्या बाजूला एक मायसीना होती, राखाडी, टोपी इतकी पातळ की तिच्यातून खालच्या पापुद्र्यांच्या रेघा दिसत होत्या. दांडा जरा वाकवला आणि कट्कन मोडला. ती पाकिटात घेतली, तुलनेला हवीच होती.

आणि मग साडेअकराच्या सुमारास, अंजनीच्या पाल्यात, ती. एक नाही, दोन ओंजळींच्या जागेत मोजून अकरा.

मी लगेच हात लावला नाही. आधी तसंच पडून फोटो काढले, बाजूनं, खालून, पाल्यासकट, मित्र वर छत्री धरून उभा. मग वहीत लिहायला घेतलं आणि तेच इथं उतरवतोय. सगळ्यात मोठीची टोपी 14 मिमी, लहान 6 मिमीची. लहानीची टोपी घंटेसारखी, मोठीची उघडून पसरलेली. रंग वाळल्या आमसुलाचा, मधोमध गडद आणि कडेला फिकट होत गेलेला. मधल्या टिकलीपासून कडेपर्यंत खोल चुण्या पडलेल्या, अगदी छत्रीच्या काड्या असाव्यात तशा. कोरडं मऊ कापड वाटावं असा पृष्ठभाग, चिकटपणा अजिबात नाही. खाली पापुद्रे पांढरे, किंचित गुलाबी झाक, आणि एकमेकांपासून इतके लांब लांब की भिंगातून मोजता आले, एकीचे 13, दुसरीचे 15.

दांडा मात्र बघण्यासारखा. लांबी चार सेंटीमीटर, जाडी अर्धा मिमीसुद्धा नाही, बुडाकडं काळा चकचकीत आणि वर टोपीजवळ फिकट. बोटाला गुंडाळला तर गुंडाळला गेला, मोडला नाही! मायसीनाचा दांडा मघाशी कसा तुटला होता ते आठवलं आणि तिथंच मनात आलं की ऍपचं नाव खोटं, हे घराणंच वेगळं. दांड्याच्या बुडाशी पांढऱ्या बुरशीची टिकलीएवढी चकती आणि त्या चकतीनं पान घट्ट धरलेलं. पान उलटं केलं तर चकतीभोवती पानाचा रंग उडून फिकट पिवळट डाग पडलेला, बाकी पान तसंच तपकिरी. ही अळंबी पानातलं लिग्निन खाते, म्हणजे पानाला कडकपणा देणारा भाग, त्यामुळं तेवढ्या जागेचा रंग जातो. म्हणजे जमीन नाही, लाकूड नाही, पान. ओळखायला ही गोष्ट टोपीच्या रंगाइतकीच मोलाची आहे आणि नुसती टोपी खुडून आणली की नेमकी हीच जाते.

मॅरॅस्मियस असणार असं वाटलं. त्या वंशातल्या रोट्युला नावाच्या पांढऱ्या जातीत पापुद्रे दांड्याला न टेकता त्याच्याभोवतीच्या एका बारीक कड्याला जोडलेले असतात, तेही तपासलं, इथं कडं नव्हतं, पापुद्रे दांड्याशी येऊन टेकलेले. अकरातल्या चार घेतल्या, पानांसकट. बाकीच्या तशाच.

परत येताना मामीही रानातून आल्या, पदराच्या ओच्यात वारुळाची अळंबी. आमच्याकडं पावसाळ्यात अळंबी म्हटलं की हीच, टर्मिटोमायसेस. वाळव्या वारुळाच्या आत तिची शेतीच करतात, चावलेल्या पाल्याचे स्पंजासारखे गड्डे करून त्यावर बुरशी वाढवतात आणि ती खातात, आणि पाऊस लागला की त्या गड्ड्यातून लांब मूळ वर येऊन अळंबी जमिनीबाहेर फुटते. मामींना विचारलं कशी ओळखता तर म्हणाल्या, "माज्या आईनं दाखवलेली वारुळं हाईत, तेवढ्यावरचीच काढतो. दुसरीकडं कितीबी चांगली दिसू दे, हात लावत न्हाई." मला हे फार पटलं. कारण चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्ली असेल तर चांगली, लसूण घालून उकळली की विष जातं, हे सगळं साफ खोटं आहे आणि माणसं यावर विसंबून जीव धोक्यात घालतात. ऍमॅनिटातल्या काही जातींचं विष शिजवून जात नाही, आणि त्रास सुरू व्हायला सहा-बारा तास किंवा जास्तही लागतात, तोवर लिव्हरला इजा सुरू झालेली असते. हिरवळीवर, गोठ्याजवळ येणारी मोठी पांढरी छत्री, क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस, ती तर चांगल्या अळंबीसारखीच दिसते आणि उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. तिचे बीजाणू हिरवट पडतात, ही तिची खूण. तेव्हा प्लीज, फोटो बघून कुणी कुठलीही अळंबी खाऊ नका, मी इथं लिहिलेलं वाचून तर नकोच नको. मी ज्या नखाएवढीच्या मागं आहे ती खाण्यासाठी नाहीच.

रात्री स्पोअर प्रिंट घ्यायला बसलो. टोपी दांड्यापासून कापायची, पापुद्रे खाली करून कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची, रात्रभरात बीजाणू गळून कागदावर ठसा उमटतो. दोन टोप्या अशा लावल्या, तिसरी अख्खी दांड्यासकट बाजूला ताटलीत ठेवली, मायसीनाही त्याच ताटलीत, चौथी पाकिटातच राहू दिली. पण घरात ओल इतकी की कागद अर्ध्या तासात लोळागोळा झाला, म्हणून सगळं उचलून चुलीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि झोपलो. चूक माझी.

रविवार

सकाळी वाटी उचलली, कागदावर काही नाही. टोप्या वाळून मिरीच्या दाण्याएवढ्या झालेल्या. ताटलीतली अख्खी होती ती पण तशीच, दांडा म्हणजे नुसती काळी तार. मला खरंच वाईट वाटलं, वर्षभर वाट बघून आणलेली गोष्ट एका रात्रीत घालवली. ताटली पडवीच्या कडेला सरकवली आणि चहाला आत गेलो.

पडवीच्या कडेला पागोळ्या पडत होत्या हे मी बघितलंच नव्हतं. अर्ध्या तासानं मामींची हाक, "अरे बाळा, हिकडं ये की, हे बग काय झालंय."

ताटलीत बोटभर पाणी साचलेलं आणि त्यात ती अळंबी उघडून बसलेली. चुण्या, रंग, पापुद्रे, सगळं काल रानात होतं तसं. शेजारच्या मायसीनाचा मात्र तपकिरी लगदा झालेला, तो पाण्यात अजूनच विरघळला होता.

आणि तेव्हा डोक्यात लख्ख झालं की ही तर या वंशाची सगळ्यात जुनी खूण! स्वीडनच्या एलियास फ्राईसनं 1830 च्या दशकात मॅरॅस्मियस हा वंश वेगळा काढला तोच मुळी या गुणावर, की वाळून गेली तरी पाणी मिळालं की पुन्हा पहिल्यासारखी होते, इतर मऊ अळंब्यांसारखी सडत नाही. नावसुद्धा ग्रीकमधल्या वाळणे, सुकणे या अर्थाच्या शब्दावरून. मुलांच्या कुपोषणातला मरॅस्मस हा शब्द दवाखान्यात ऐकलेला असतो ना, तोच. मी हे सगळं वाचलं होतं, पण वाचलेलं आणि ताटलीत समोर बघितलेलं यात फार फरक आहे हो.

खात्री करायला मिरीचा दाणा झालेल्या टोप्यांतली एक घेऊन वाटीत पाणी घातलं आणि घड्याळ लावलं. चार मिनिटांत कडा सुटल्या, दहा मिनिटांत चुण्या दिसायला लागल्या, वीस मिनिटांत पूर्ण उघडली. मामी, मित्र, शेजारची दोन पोरं, सगळे वाटीभोवती. पोरांनी ती पुन्हा वाळवायला चुलीवर न्यायची परवानगी मागितली, दिली.

आता एवढ्यावर मॅरॅस्मियस म्हणून शिक्का मारता येतो का, तर नाही. क्रिनिपेलिस, मॅरॅस्मिएलस, जिम्नोपसमधल्या काही, यांनाही ही ताकद कमीजास्त आहे. पण क्रिनिपेलिसच्या टोपीवर भिंगातून दिसणारे केस असतात, इथं टोपी गुळगुळीत. एकेक नाव असं खोडत जायचं, ओळखणं म्हणजे बऱ्याचदा हेच असतं.

दुपारी उघडीप मिळाली तशी परत वरच्या रानात गेलो, उरलेल्या सातातल्या दोन घेतल्या. या वेळी टोप्या डब्यात कागदावर ठेवल्या, कडेला ओल्या कापसाचा बोळा आणि झाकण लावून कपाटात, चुलीपासून लांब. संध्याकाळ माऊली देवीच्या देवळाच्या आवारात काढली, धुकं इतकं की पायऱ्यांवरून समोरचं कुंड दिसेना.

सोमवार

डबा उघडला आणि ठसा आलेला! काळ्या अर्ध्या कागदावर खडूची पूड फुंकल्यासारख्या तेरा-चौदा पुसट पांढऱ्या रेघा, मधून बाहेर जाणाऱ्या, गाडीच्या चाकाच्या आऱ्या जशा. पांढऱ्या बाजूला काहीच दिसत नव्हतं, म्हणूनच तर कागद अर्धा काळा घ्यायचा. बीजाणू पांढरे, हे पक्कं झालं.

सकाळच्या बसनं परत, आणि संध्याकाळी कॉलेजात बॉटनी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीकडं गेलो, तिनं लॅब उघडून दिली. वाळलेल्या टोपीचा केसाएवढा काप, पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा पातळ थेंब, काँगो रेडचा रंग, ऑइल इमर्शनची लेन्स. टोपीच्या वरच्या थरात कुंच्यासारख्या पेशी दिसल्या, खाली मूठ आणि वर बारीक बारीक टोकं, अगदी रंग द्यायचा कुंचा उभा करून ठेवावा तशा, शेजारी शेजारी शेकडो. मॅरॅस्मियसच्या या गटाची ही खूणच आहे, ती बघून मी खुर्चीवरून उठलोच. मग बीजाणू, लांबोडके, एका टोकाला निमुळते, दहा मोजले, बहुतेक 18 ते 21 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) लांब आणि चारेक मायक्रॉन रुंद. हे मोजणं महत्त्वाचं होतं कारण पुल्चेरिपेस नावाची एक गुलाबी जात दिसायला अशीच असते, पण तिचे बीजाणू 11 ते 15 मायक्रॉनचे, ती यात बसत नाही. सिकस नावाच्या जातीचे बीजाणू लांबीला जवळपास एवढेच असतात, पण तिची टोपी नारिंगी, गंजाच्या रंगाकडं झुकलेली, आमसुली नाही. आणि पापुद्र्यांच्या अंगावर, कडेला नव्हे अंगावर, चमकदार ऐवज भरलेल्या फुगीर पेशी होत्या, त्याही जुळल्या.

तर नाव निघालं मॅरॅस्मियस हेमॅटोसेफॅलस. हेमॅटो म्हणजे रक्त, सेफॅलस म्हणजे डोकं, रक्तासारख्या डोक्याची. फ्रान्सच्या माँटान्यनं 1837 मध्ये हिचं पहिलं वर्णन केलं ते ब्राझीलच्या नमुन्यावरून. आणि इथंच मी थांबलो. ब्राझीलच्या जंगलातली आणि कणकुंबीच्या अंजनीखालची ही खरंच एकच जात आहे का? या नावाखाली जगभर दिसायला सारख्या पण डीएनएनं वेगळ्या निघतील अशा अनेक जाती एकत्र बांधलेल्या आहेत असं अभ्यासक मानतात, आणि माझ्याकडं डीएनए नाही. त्यामुळं मैत्रीण म्हणाली की मधे 'कॉन्फर' लाव, म्हणजे या जातीशी ताडून बघावी, जुळतेय पण शपथेवर सांगत नाही. तसंच लिहिलं. मला यात कमीपणा वाटत नाही, खोटं पक्कं नाव लिहिलं तर पुढं दहा जण तेच नाव चिकटवत जातील.

पाकिटावर लिहिलं: मॅरॅस्मियस कॉन्फर हेमॅटोसेफॅलस, कणकुंबी, मालकी रान, अंजनीच्या कुजक्या पानावर, गटानं अकरा, टोपी 6 ते 14 मिमी, पापुद्रे 13 ते 15, ठसा पांढरा. खाली तारीख आणि दोघांची नावं, कारण छत्री धरून तीन तास तो उभा होता.

रात्री मामींचा फोन आला. वाटीतली ती पोरांनी चुलीवर वाळवली, सकाळी पाण्यात घातली, फुलली, दुपारी परत वाळवली आणि आत्ता परत घातलीय. "तिसऱ्यांदा उगडूलाय बग," म्हणाल्या, आणि पोरांना झोपवायचं कसं ते तूच सांग.